रुखवत वाचणारी

काकाच्या घरी मला जाग यायची ती भांड्यांच्या आवाजाने, आणि तीही दुसऱ्यांच्या भांड्यांच्या. महाडच्या बाजारपेठेत खाली भांड्यांचं दुकान आणि वर दोन खोल्या असं ते घर. सकाळी दुकानाच्या फळ्या निघाल्या की नाव घालणारा म्हातारा उंबऱ्याशी मांडी ठोकून बसायचा आणि हंड्याकळश्यांवर छिन्नीने टिकटिक सुरू करायचा. त्याला वाचता येत नव्हतं. कागदावरचं अक्षर तो चित्रासारखं उतरवून काढायचा, पण त्याच्या हातून चूक झालेली मला आठवत नाही. वर काकीचं जेवण शिजत असायचं. कडव्या वालांचं बिरडं, तांदळाची भाकरी, आणि दासगावहून कोळीण आली असेल त्या दिवशी खाडीची मासळी. मासळी तळताना काकी खालच्या टिकटिकीच्या तालात मान हलवायची आणि ते तिचं तिला कळायचंही नाही.

मी पोलादपूरच्या पलीकडच्या गावातून इथे कॉलेजसाठी आले होते. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. काकीला मूल नव्हतं. त्याबद्दल घरात कोणी बोलायचं नाही, मात्र वाढताना भाताचा पहिला घास आणि माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात पडायचा. काकीला जगात दोन सुखं होती. एक, मी पोटभर जेवणं. आणि दुसरं, तिचा भाऊ गणूमामा डोंगरावरून बाजाराला उतरणं. तो यायचा तेव्हा पिशवीत कुळीथ नाहीतर नाचणी असायची, उन्हाळ्यात खांद्यावर फणस. दारातूनच हाक मारायचा, "कुठं गेलीस गो?" आणि काकी हातातलं टाकून जिन्यावरून अशी धावायची की तिचं वय निम्मं व्हायचं. माहेर तिच्यासाठी पिशवीतून चालत यायचं.

काका मात्र त्या काळात फारसा सुखात नव्हता. माणूस हुशार, बोलायला गोड, आणि बाजारातल्या मोठ्या दुकानदारांनी कायम थट्टेवारी नेलेला. गणेशोत्सवाच्या बैठकीत त्याला मागच्या सतरंजीवर जागा मिळायची. तो घरी येऊन काही बोलायचा नाही, पण त्या दिवशी जेवणही कमी जायचं. काकाला पैसा हवा होता असं लोक पुढे म्हणायचे. मला विचाराल तर त्याला पुढची सतरंजी हवी होती.

माझा इंग्रजी हा मुख्य विषय होता आणि अभ्यासाला एक जुनी कादंबरी होती, सगळी उपहासाने भरलेली. वाचनालयातल्या प्रतीला पुठ्ठाही उरला नव्हता. दुपारी बाजार पेंगत असताना मी दुकानात स्टुलावर बसून वाचायचे आणि एकटीच हसायचे. एकदा काका म्हणाला, एकटी काय हसतेस, आम्हालाही सांग. तेव्हापासून रोज दुपारी मी त्याला ती गोष्ट मराठीत सांगू लागले. एका गावात कोणीच टोपी घालत नसे. तिथे एका टोपीवाल्याने दुकान टाकलं. टोपी खपेना. मग त्याने हळूच वावडी उठवली की राजधानीत म्हणे फक्त नोकरचाकरच उघड्या डोक्याने फिरतात. महिन्याभरात गाव टोप्या घालून हिंडू लागलं. पुढे जेवायची टोपी निराळी, झोपायची निराळी, कुत्र्यालाही टोपी. उंच टोप्यांची टूम निघाली तेव्हा लोकांनी घरांच्या चौकटी फोडून दारं उंच करून घेतली.

मी हसत होते. काका हसत नव्हता. तो मांडीवर हात ठेवून पोथी ऐकावी तसा ऐकत होता. लेखक ज्याची टर उडवत होता, त्याच्याच पायाशी काका शिकायला बसला होता. मी त्याला म्हटलं, अहो काका, हे चेष्टेने लिहिलंय. तो म्हणाला, "चेष्टा लिहिणाऱ्याची. टोपीवाला खराच हुशार आहे." आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "अलके, लोकांना नवी वस्तू नाही विकायची. आधी त्यांच्या घरातली वस्तू त्यांना जुनी करून द्यायची."

आमच्याकडे तेव्हा लग्नात रुखवत असायचं ते नवरीच्या हातचं. मण्यांची मैना, क्रोशाचे रुमाल, करवंटीची बैलगाडी, मोठाले लाडू, बाजूला दोनचार भांडी. बायका ते टेबल बघायला वाकायच्या, टाका उलटून बघायच्या, मनातल्या मनात मार्क द्यायच्या. काकाने दुकानाच्या दर्शनी भागात लाल कापड अंथरून एक नवं रुखवत मांडलं. लोखंडी कपाट, स्टीलचा सगळा संसार, मिक्सर, टेबलफॅन, शिलाई मशीन, गादी. वर पाटी लावली, 'सौभाग्य संच'. लोक यायचे, बघायचे, कपाटाच्या आरशात भांग नीट करायचे आणि निघून जायचे. संच काही खपेना. तेव्हा काकाला टोपीवाल्याची वावडी आठवली.

लग्नात आहेर माइकवरून वाचतातच. काकाने ठरवलं, रुखवतही वाचायचं, आणि पोरीने वाचायचं. बिरवाडीजवळच्या एका बऱ्या घरातल्या लग्नात कसाबसा एक संच गेला होता. तिथे त्याने माझ्या हातात माइक दिला. मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धांत बक्षिसं मिळवलेली. मला काय, आवाज होता आणि तोरा होता. "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी हिच्यासोबत सासरी जात आहे," असं म्हणून मी एकेक वस्तू अशी ओवाळून वाचली की मांडव चिडीचूप झाला. म्हाताऱ्या म्हणाल्या, काय गोड वाचते गो पोर. मला ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या लग्नात वाचलं, त्याच्या पुढच्यात वाचलं. मग जिथे संच नव्हता तिथेही यजमान मला बोलवू लागले, कारण व्याह्यांनी विचारलेलं असायचं की तुमच्यात वाचत नाहीत का. अशा घरी वाचन लवकर संपायचं. मी शेवटची वस्तू उच्चारून थांबले की मांडवात क्षणभर काही नसायचं आणि मग कोणीतरी खोकायचं. तो खोकला हेच काकाचं खरं भांडवल. तो ऐकलेल्या गावातला पुढचा मुलीचा बाप आठवड्याच्या आत आमच्या दुकानाची पायरी चढायचा. आता लग्नात आकाशातून कॅमेरे फिरतात आणि नवरानवरी धुरातून चालत येतात, त्याला लोक नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. मला तो तोंडवळा ओळखीचा वाटतो.

घरात फ्रिज आला. मला मनगटी घड्याळ आलं. गणपतीच्या बैठकीत काका पहिल्या सतरंजीवर बसला आणि त्या दिवशी त्याने दोनदा भात मागून घेतला. काकी फ्रिजला हळदकुंकू लावून आली, पण बिरडं त्यात ठेवायला तयार होईना. म्हणाली, थंड केलं की वालांना राग येतो.

कादंबरी तोवर संपत आली होती. शेवट मी एकटीने वाचला. टोपीवाल्याची टोपी इतकी उंच झालेली असते की म्हाताऱ्या आईच्या घराचं बुटकं दार त्याला पुरत नाही. आई आत आजारी. टोपी काढली तर आत जाता येईल, पण बाहेर माणसं बघत उभी असतात. तो दाराशी उभा राहतो, आणि आई जाते. हे वाचून मी रडले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी काकाने विचारलं, मग, पुढे काय झालं त्याचं? मी म्हटलं, नगराध्यक्ष झाला. काका मोठ्याने हसला आणि म्हणाला, होणारच. मी मनगटावरचं घड्याळ उगाच फिरवत बसले. काकाला वाईट वाटू नये म्हणून मी ते बोलले, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले आहे. हातातलं घड्याळही जायला नको होतं, हे आताशा सांगते.

त्यानंतर सुमनचं लग्न ठरलं. सुमन ही गणूमामाची मुलगी, माझ्याच वयाची. उन्हाळ्यात ती आत्याकडे म्हणून आमच्याकडे राहायला यायची, आम्ही दोघी एका चादरीत झोपायचो. बोलणं कमी आणि हात सतत चालू. माझी पुस्तकं ती उघडायची नाही, पण मी वाचत असले की शेजारी बसून सुई चालवायची. नवरा बिरवाडीत खोली घेऊन राहणारा, कारखान्यात लागलेला. स्थळ चांगलं होतं आणि मामा खूश होता.

काकाने मामाला सांगितलं, संच माझ्याकडून. एक छदाम नको. काकीचा चेहरा उजळला; नवऱ्याचं वैभव एकदा माहेरच्या अंगणात मांडलेलं बघायचं तिच्या मनात होतंच. मामा चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "नको भावोजी. पोरीनं दोन वरसं बसून केलंय. ते पुरं हाय." काकाने हसून पुन्हा आग्रह केला. मामाने पुन्हा नाही म्हटलं, तेवढ्याच सौम्यपणे. मामा गेल्यावर काका मला म्हणाला, साधा माणूस आहे, व्याही मांडवात काय म्हणतील याची त्याला कल्पना नाही. मलाही तसंच वाटलं. इतके मांडव पाहून मी स्वतःला लग्नातली जाणती समजू लागले होते.

लग्नाच्या सकाळी आम्ही निघालो तेव्हा दुकानापुढे टेम्पोत कपाट चढत होतं. काकी गाडीत पुढे बसलेली, तिने पाहिलं नाही. मी पाहिलं. काकाने ओठावर बोट ठेवलं आणि मी मान डोलावली. त्या मान डोलावण्यात सगळं आलं. पुढे जे झालं त्याला काका जबाबदार आणि मी फक्त आवाज, असं म्हणायची सोय मी तिथेच घालवून बसले.

मामाच्या अंगणात मांडव होता, आंब्याच्या डहाळ्या बांधलेला. ओटीजवळच्या टेबलावर सुमनचं रुखवत मांडलेलं होतं, वर भाताच्या लोंब्यांचं तोरण. बायका वाकून बघत होत्या. मी दोघीतिघींशी बोलले, साडीची निरी नीट केली आणि माइक कुठे आहे ते बघितलं. मुहूर्ताला अवकाश होता. आहेर वाचून झाले आणि नवऱ्याचा चुलता उठून म्हणाला, रुखवत वाचा, आमच्यात वाचायची पद्धत आहे. तो हे असं म्हणाला की जणू त्याच्या पणज्यानेही ऐकलं असावं. ती पद्धत माझ्या घड्याळापेक्षा थोडीशीच जुनी होती.

मामा म्हणाला, वाचायचं काय, समोर हाय, बघा की. चुलता हसून म्हणाला, वाचल्याशिवाय मागच्यांना कसं कळणार? माइक माझ्या हातात आला. मी काकाकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून उघडले, म्हणजे वाच. सुमन आत, खिडकीच्या गजांमागे, मुंडावळ्या बांधून बसलेली दिसत होती. ती माझ्याकडे बघत होती आणि हसत होती. तिला वाटलं होतं, आता अलका माझं वाचणार.

मला तेव्हा फक्त तो खोकला ऐकू येत होता, अजून न आलेला. माझ्या सुमनच्या मांडवात तो नको होता. मी तोंड उघडलं आणि संच वाचला. कपाटापासून गादीपर्यंत, पाठच होता. आवाज नेहमीपेक्षा चांगला लागला. चुलत्याने टाळी वाजवली, मांडवाने वाजवली. मग तोच चुलता इकडेतिकडे बघत म्हणाला, कपाट कुठे दिसत नाही ते? काका उठून म्हणाला, येतंय, टेम्पो पोलादपूरहून निघालाय.

मामा माझ्याजवळ आला. मला वाटलं माइक हिसकावून घेईल. त्याने माइकला हातही लावला नाही. हळू बोलला, पण माइक चालूच होता, त्यामुळे सगळ्या मांडवाने ऐकलं.

"अलके, माझ्या दारात हुबी राहून खोटं वाचलंस गो तू."

चुलता विचारू लागला, खोटं म्हणजे काय, देणार की नाही देणार? आवाज चढले. मुहूर्त जवळ येत होता. काका मामाला बाजूला घेऊन हात जोडून काहीतरी सांगत होता आणि मामा जमिनीकडे बघत होता. काकी भावाकडे जायची, तिथून नवऱ्याकडे यायची, पुन्हा भावाकडे. शेवटी मामाने मान हलवली. मुलगी मुंडावळ्या बांधून बसलेली; बापाने दुसरं काय करायचं? टेम्पो आला. कपाटाला जागा हवी होती, म्हणून चौघांनी सुमनचं टेबल उचलून गोठ्याच्या भिंतीशी नेऊन ठेवलं. कपाट आत आणताना तोरण अडकून तुटलं. अंगणभर भात सांडला आणि कोंबड्या तो टिपत आल्या.

लग्न लागलं. मामाने सगळ्या पंगती वाढल्या आणि स्वतः पाणीही घेतलं नाही. आम्ही निघताना मामीने काकीची ओटी भरली. मामा गोठ्यात होता, तो बाहेर आला नाही. काकी गाडीत बसेपर्यंत गोठ्याकडे मान वळवून बघत होती. घाट उतरताना काका म्हणाला, रागावलाय, दिवाळीपर्यंत निवळेल.

दिवाळी आली. भाऊबीजेला काकीने सकाळपासून पाट मांडून ठेवला, कुळथाचं पिठलं केलं कारण मामाला ते आवडायचं. दर हाकेला ती जिन्यापर्यंत जायची. संध्याकाळ झाली. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. काकीने निरांजन लावलं, गच्चीवर गेली आणि भाऊ असताना चंद्राला ओवाळलं. मी तिच्यामागे तबक धरून उभी होते. ती मला काही बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात पडत राहिला आणि मी तो गिळत राहिले. काकी माहेरी पुन्हा गेली ती गणूमामाच्या तेराव्याला.

टोपीवाल्याचं जे झालं ते काकाचं झालं नाही. दुकान वाढलं, दुसरं निघालं, सुमनच्या लग्नाची हकिकत पसरल्यावर तर संच जास्तच खपले; न वाचलेल्या रुखवतापेक्षा खोटं वाचलेलं भारी, असा अर्थ लोकांनी काढला असावा. काका सुखाने म्हातारा झाला. कादंबरीचा खरा शेवट मी त्याला कधी सांगितला नाही. मी त्यानंतर माइक धरला नाही, पण काकाला वाचायला दुसऱ्या मुली मिळाल्या, माझ्यापेक्षा चांगल्या. मी शिक्षिका झाले आणि आयुष्यभर मुलांना सांगितलं की उपहास वाचताना जपून वाचा. कशाला जपायचं हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात बिरवाडीला सुमनकडे गेले. ती आजी झाली आहे. कपाट अजून आहे, आरसा काळवंडलाय. एकमेकींना आम्ही लग्नामुंजीत भेटत आलोच होतो, पण त्या दिवसाबद्दल कधी बोललो नव्हतो. हे प्रकरण लिहायला घेतलं आणि अडले ते नेमकी त्या टेबलाशी. मला तोरण आठवत होतं, तेही तुटलं म्हणून. बाकी काही नाही. ज्या मुलीच्या शेजारी मी उन्हाळेच्या उन्हाळे बसले, तिच्या हातून काय तयार होतंय ते मी मान वळवून पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी टेबलापाशी उभी राहून मी साडीची निरी नीट करत होते.

चहा झाल्यावर मी तिला विचारलं. म्हटलं, सुमन, मी चुकले, मामांची माफी मागायची राहिली, ती तुझ्याकडे मागते. आणि एवढं सांग, टेबलावर काय काय होतं? मला लिहायचंय, एकदा नीट. ती नातवाच्या झबल्याला काज करत होती. सुई थांबवून तिने आठवायचा प्रयत्न केला. मण्यांचं काहीतरी होतं म्हणाली, एक रुमाल होता वाटतं, मोराचा. नाही, मोर नव्हता. मग तिने सुई पुन्हा काजात घातली.

"नाय गो आठवत," ती म्हणाली. "कुणी वाचलं असतं, तर ध्यानात ऱ्हायलं असतं."